दुसऱ्या गाडीचं झाकण

माझी भाची टिल्ली गेले आठ महिने कुठल्याही चारचाकीत बसलेली नाही. ऑफिसला चालत जाते, चालत येते, जाऊन-येऊन दोन तास. ताईला, म्हणजे तिच्या आईला, ते दिसतं, पण ती बोलत नाही. लेकीशी बोलायचंच तिनं सोडलंय. एकाच घरात दोघी, एक स्वयंपाकघरात आली की दुसरी बाहेरच्या खोलीत जाणार. मध्ये मी, दर रविवारी जाऊन बसणारा, दोघींशी वेगवेगळं बोलणारा. हे सगळं कुणामुळे झालं ते जगात फक्त मला ठाऊक होतं आणि मी मूग गिळून बसलो होतो. आता सांगतो. वरातीमागून घोडं आहे, पण सांगतो.

मी गाड्यांचा वायरमन. इंजिन, गिअर, ब्रेक माझ्याकडे नाहीत. दिवे, हॉर्न, बॅटरी, स्टार्टर, जिथे तार जाते ते माझं. एकतीस वर्षं झाली. आमच्या गल्लीत मला 'तापट' म्हणतात, तोंडावर नाही, पण मला कळतं. खोटं नाही ते. राग माझ्या नाकावरच असतो. गिऱ्हाईक डोक्याशी उभं राहून 'झालं का, झालं का' करायला लागलं की मी पक्कड त्याच्या हातात देतो आणि म्हणतो, घ्या, तुम्हीच करा. तरी येतात बिचारे, कारण काम चोख असतं. निदान असं मी समजत होतो.

फ्यूज म्हणजे तसं पोरासोरांचं काम. नखाएवढं प्लॅस्टिक, आत धातूची बारीक पट्टी. वीज वाजवीपेक्षा जास्त वाहिली की आधी ती पट्टी जळते आणि पुढची वायर वाचते. चिमट्यानं उपसायचा, उजेडासमोर धरायचा, पट्टी तुटलेली दिसली की त्याच रंगाचा दुसरा बसवायचा. दहा अँपिअरचा लाल, पंधराचा निळा, विसाचा पिवळा. जवळ नसला तर गाडीतल्याच एखाद्या बिनकामाच्या जागेचा उसना घ्यायचा. आणि फ्यूजला हात लावला की गाडीभोवती एक चक्कर मारायचीच. पुढचे दिवे बघायचे, मागचे बघायचे, कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगून ब्रेकचे दिवे बघायचे. हे मी येईल त्या गिऱ्हाइकाला सांगतो, ओरडून सांगतो. फक्त एका माणसाला सांगितलं नाही.

तो माणूस म्हणजे माझे भावजी, ताईचे यजमान. चौतीस वर्षं छापखान्यात प्रूफं तपासून निवृत्त झालेले. बाहेर जेवायला गेलो आणि मेनूकार्ड आलं की आधी खिशातून पेन्सिल निघायची. स्वतःच्या लग्नपत्रिकेत तीन चुका काढून त्यांनी ती माझ्या वडिलांना परत पाठवली होती. ताईला वाटलं, मुलगा लग्नाला नाही म्हणतोय. आमच्या घरात त्या दिवशी चूल पेटली नाही म्हणे. ताई हा किस्सा सांगायची तेव्हा भावजी शांतपणे म्हणायचे, चुका होत्या त्याला मी काय करू. पण एकदा छापून बाहेर पडलेल्या गोष्टीवर मात्र त्यांचा आंधळा विश्वास. औषधाच्या बाटलीवरचं, बसच्या पाटीवरचं, इस्त्रीच्या खोक्यावरचं सगळं वाचायचे आणि तसंच वागायचे. त्यांचं म्हणणं एकच, छापलंय म्हणजे कुणीतरी डोळे फोडून तपासलंय. मी हसायचो. माझ्या धंद्यात कुणी काही वाचत नाही, हाताला माहीत असतं.

त्यांची गाडी मीच निवडून दिली होती. जुनी, राखाडी, पण इमानी. तिची देखभाल माझ्याकडेच. तिचा रेडिओ मेला होता आणि भावजींनी तो दुरुस्त करू दिला नव्हता, म्हणाले, घरात तुझी ताई बोलते तेवढं पुरतं.

त्या गाडीचा फ्यूजचा डबा स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्यापाशी. दोन वर्षांपूर्वी तो उघडताना मी जोर केला आणि झाकणाचा चाप तुटला. चूक माझी, घाई माझी. झाकण लोंबायला लागलं, म्हणून भंगारवाल्याकडून दुसरं आणलं. त्याच कंपनीच्या गाडीचं, पण पुढच्या सालातलं. खट्कन बसलं. आतल्या बाजूला फ्यूजचा तक्ता छापलेला असतो, कुठल्या जागेवर काय ते दाखवणारा. मी तो बघितला. पुढच्या सालात कंपनीनं चार जागा इकडच्या तिकडे केल्या होत्या. नव्या तक्त्यात जिथे रेडिओ दाखवला होता, तिथे ह्या जुन्या गाडीत ब्रेकच्या दिव्यांचा फ्यूज होता. वायपरची जागा मात्र दोन्हीकडे तीच.

मला हे माहीत नव्हतं असं मी म्हणू शकलो असतो. पण माहीत होतं. त्याच दिवशी, तिथेच दिसलं होतं. पांढरी पट्टी चिकटवून वर खरं काय ते लिहायचं असं मनात आलं, आणि लगेच दुसरं मनात आलं की हा डबा माझ्याशिवाय उघडणार कोण? मला तर झोपेतही येतो. पट्टी आज चिकटवू, उद्या चिकटवू करता करता राहून गेली. दोन वर्षं राहून गेली.

त्या दिवशी भावजी आणि टिल्ली परगावी भावजींच्या जुन्या मित्राला भेटून परत येत होते. गाडी टिल्ली चालवत होती. सव्वीस वर्षांची आहे, जन्मली तेव्हा एवढीशी होती म्हणून मी टिल्ली म्हणायला लागलो आणि आता माझ्यापेक्षा चार बोटं उंच आहे. गाडी छान चालवायची, मीच शिकवलेली. पावसाची झड लागलेली आणि मध्येच वायपर बंद पडले. एका पंपावर गाडी उभी करून टिल्ली आत चहा आणायला गेली आणि भावजींनी मला फोन लावला.

मी एका व्हॅनच्या खाली पाठीवर पडलेलो. वर तिचा मालक उभा, दर मिनिटाला घड्याळ बघून उसासे टाकणारा. माझं टाळकं आधीच सरकलेलं. भावजींनी सगळं सविस्तर सांगायला सुरुवात केली, पाऊस किती, वायपर कुठे थांबले, आवाज कसा आला. मी म्हटलं, फ्यूज गेलाय, रेडिओचा काढून वायपरला लावा, तो बंदच आहे नाहीतरी, दोन्ही पंधराचे आहेत.  मग त्यांनी त्यांच्या त्या सावकाश आवाजात विचारलं, "तक्त्यावर तिसऱ्या ओळीत दुसरा रेडिओचा दाखवलाय. तोच ना?"

एवढंच विचारलं होतं. त्या क्षणी जरा डोकं ठिकाणावर असतं तर झाकण आठवलं असतं. मी म्हटलं, "वाचता येतं ना तुम्हाला? मग वाचा आणि काढा."

ते हसले. म्हणाले, येतं बुवा तेवढं. आणि फोन ठेवला. चक्कर मारायची, ब्रेक दाबून बघायचा, हे सांगायचं राहिलं. व्हॅनवाला परत घड्याळ बघत होता.

वीस मिनिटांनी हायवेवर पुढची वाहनं एकदम थांबली. टिल्लीनं ब्रेक दाबला. तिची गाडी पुढच्या कंटेनरच्या अलीकडे तीन हातांवर उभी राहिली, म्हणजे तिनं अगदी बरोबर केलं होतं. मागून मालाचा ट्रक आला आणि थांबलाच नाही. त्यानं गाडी मागून एका कोपऱ्यावर ठोकली, ती तिरकी होऊन पुढे कंटेनरखाली घुसली, आणि घुसली ती भावजींच्या बाजूनं. टिल्लीला मनगटाला फ्रॅक्चर आणि कपाळाला पाच टाके. भावजी जागच्या जागी गेले. ट्रकवाला पोलिसांना एकच सांगत होता, पुढच्या गाडीचा ब्रेकचा दिवा लागलाच नाही हो, मला कळलंच नाही ती थांबली ते. ऐकणारे म्हणाले, असंच म्हणणार, डुलकी लागली होती हे थोडंच सांगणार.

दवाखान्यात ताई आली तेव्हा मी तिथे होतो. ती टिल्लीच्या खाटेपाशी उभी राहिली. रडली नाही, तिला हात लावला नाही. तिनं विचारलं, "एवढा जोरात ब्रेक का मारलास?"  तेवढं एक वाक्य. त्यानंतर ताई तिच्याशी कामापुरतंही बोललेलं मी ऐकलं नाही.

तिसऱ्या दिवशी ताई मला म्हणाली, ह्यांचा चष्मा आणि पिशवी गाडीत असेल, तेवढी घेऊन ये. गाडी पोलिसांच्या आवारात एका भिंतीला टेकवून ठेवलेली होती. भावजींची बाजू मी बघितली नाही. टिल्लीच्या बाजूचं दार उघडत होतं. चष्मा पायाशी सापडला, काच न फुटता. तो उचलताना माझा हात फ्यूजच्या डब्याला लागला. झाकण नीट बसलेलं होतं. का उघडलं ते मला सांगता येत नाही. सवय, दुसरं काय.

तिसऱ्या ओळीतली दुसरी जागा रिकामी होती. आणि झाकणाच्या आत, तक्त्याच्या कडेला खोचलेली एक चिठ्ठी. पेन्सिलीनं, मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं होतं, 'रेडिओचा फ्यूज वायपरला दिला आहे. नवा आणून परत बसवणे.' खाली तारीख. आपल्याच गाडीत आपल्यासाठीच चिठ्ठी लिहून ठेवणारा माणूस. पूर्णविरामसुद्धा दिला होता.

माझी पाचावर धारण बसली. ट्रकवाला खरं बोलत होता. दिवा लागला नव्हता, कारण तो लागू शकतच नव्हता. टिल्लीनं ब्रेक जोरात मारला काय, हळू मारला काय, मागच्याला काही दिसणारच नव्हतं. माझ्या शर्टाच्या खिशात दोन-चार फ्यूज नेहमीच असतात. मी एक निळा काढला आणि त्या रिकाम्या जागेत दाबला. डोळ्याची पापणी लवते तेवढा वेळ लागला. चिठ्ठी खिशात घातली आणि घरी जाऊन फाडली, मग तिचे तुकडे गॅसवर धरले.

मी तेव्हा स्वतःला सांगितलं की हे टिल्लीसाठी करतोय. उद्या तपासनीस येणार, ब्रेकचे दिवे बंद निघाले तर नादुरुस्त गाडी चालवली म्हणून पोरीवरच केस होईल. हे चांगलं कारण होतं आणि मी ते घट्ट धरून ठेवलं. खरं कारण ताई. आईच्या मागे मला तिनं वाढवलं, माझी पहिली पक्कड तिनं आणून दिली. तिच्यासमोर उभं राहून 'तुझा नवरा माझ्यामुळे गेला' हे म्हणायची माझी छाती नव्हती. गल्लीत सगळ्यांवर गुरगुरणारा मी, खरी वेळ आली तेव्हा शेपूट घातली.

तपासनीस दुसऱ्या दिवशी आला. बॅटरी लावून त्यानं ब्रेक दाबला, धड राहिलेल्या कोपऱ्यातला दिवा लागला. अहवालात छापून आलं, 'ब्रेकचे दिवे चालू स्थितीत.' खाली सही, शिक्का. ट्रकवाल्याचं लायसन गेलं आणि तो खोटारडा ठरला. गाडी भंगारात गेली, तिचा चुरा झाला. आणि त्याच अहवालात आणखी एक ओळ होती, 'कारचालकाने अचानक ब्रेक लावल्याचे दिसते.' ताईनं तो कागद टेबलावर ठेवला, बरोबर टिल्ली जेवायला बसते तिथे.  चांगली बाई आहे हो माझी ताई, पण दुःख झालं की ते कुणाच्या तरी अंगावर टाकल्याशिवाय तिला श्वास घेता येत नाही, लहानपणापासून असंच.

मग मी टिल्लीला धीर द्यायला लागलो. खाई त्याला खवखवे म्हणतात ना. एका रविवारी मी तिला सांगितलं की ट्रकचे टायर मी स्वतः बघितले, अगदी गोटा झालेले, रेघसुद्धा उरली नव्हती, तो थांबणारच नव्हता. तिच्या चेहऱ्यावर जरा रंग आला. त्या दिवशी ती दोन घास जास्त जेवली आणि मला वाटलं, चला, जमलं. तीन दिवसांनी तिनं वकिलाकडून कागद आणून वाचले. बापाची लेक. मला फोन करून एवढंच म्हणाली, "मामा, टायर नवे होते. दोन महिन्यांचे." रागावली नाही. पुढे एकदा मी रस्त्यावर तेल सांडलं होतं अशी थाप मारली, तर तिनं ती तपासलीसुद्धा नाही. हो म्हणाली आणि माझा चहा गरम करायला आत गेली.

गेल्या आठवड्यात ती माझ्या दुकानी आली. चालत, अर्थातच. घामानं निथळत होती. मी स्टूल दिलं, तिनं पिशवीतून वही काढली. वहीत पानामागून पान तीच आकृती, पुढे कंटेनर, मध्ये कार, मागे ट्रक, आणि बाजूला अंतरं, सेकंद, गुणाकार. आठ महिने ही पोर हे करत होती. ती म्हणाली, तू गाड्यांमधला आहेस म्हणून विचारते, खरं सांग. मी अजून दोन हात पुढे थांबू शकले असते. "मी जरा आधीपासून हळूहळू ब्रेक दाबला असता, तर मागच्याला दिवा आधी दिसला असता ना, मामा?"

 हातातली वायर सोलत राहिलो, सोलत राहिलो, पार तांब्यापर्यंत कापली. मी म्हटलं, मला काय कळतंय, मी वायरमन. तिनं वही मिटली. म्हणाली, दिसला असता, मी काढलंय गणित. आणि मग अगदी साध्या आवाजात, भाजी काय आणायची ते विचारावं तसं, म्हणाली की आई बोलत नाही ते बरोबरच आहे तिचं, मीसुद्धा बोलले नसते.

ती गेल्यावर मी शटर ओढलं. दुपारचे बारा वाजलेले, दोन गाड्या दाराशी. एका गिऱ्हाइकानं काही विचारलं तर मी त्याच्यावर ओरडलोही नाही, उद्या या म्हटलं, तेव्हा तो घाबरून माझ्या तब्येतीची चौकशी करायला लागला. मी ठरवलं. ताई मला उंबऱ्यात उभं करणार नाही, नाही तर नाही. पोलीस नेतील, नेऊ देत. पण ही वही बंद झाली पाहिजे.

रविवारी मी नेहमीच्या वेळी गेलो. दोघींना बाहेरच्या खोलीत बसवलं. ताई खिडकीपाशी, टिल्ली दाराच्या कडेला, तेवढंच अंतर त्या ठेवतात. मी उभाच राहिलो. पहिल्यापासून सांगितलं. झाकणाचा चाप मी तोडला इथपासून. दुसऱ्या गाडीचं झाकण, चुकीचा तक्ता, न चिकटवलेली पट्टी. फोन, आणि फोनवर मी काय म्हणालो ते शब्दाला शब्द. पोलिसांच्या आवारातली रिकामी जागा, माझ्या खिशातला निळा फ्यूज, भावजींची चिठ्ठी पूर्णविरामासकट, गॅस. बोलताना माझा आवाज चढत गेला, मला हळू बोलताच येत नाही. शेवटी मी म्हटलं, "टिल्ले, तुझी काडीची चूक नाही. तू कसाही ब्रेक मारला असतास तरी दिवा लागणारच नव्हता. तुझ्या बाबांना मी मारलं."

 मी ताईकडे बघत होतो. आता उठेल, आता तोंडात मारेल, मारू दे. तिचे डोळे भरून आले. आठ महिन्यांत तिला रडताना मी पहिल्यांदा बघितलं. ती उठून माझ्याजवळ आली आणि माझ्या गालावरून हात फिरवला, मी शाळेत मार खाऊन यायचो तेव्हा फिरवायची तसा.

"किती करशील रे आमच्यासाठी," ती म्हणाली.

मला आधी कळलंच नाही. मी म्हटलं, ताई, ऐकलंस ना मी काय सांगितलं? ती म्हणाली, ऐकलं. टायरचंही ऐकलं होतं, तेलाचंही. आता काय, स्वतःवरच घ्यायला निघालास? मी म्हटलं, ते दोन्ही खोटं होतं, हे खरं आहे. ताईनं नुसती मान हलवली. टेबलाच्या खणातून तिनं अहवाल काढला आणि माझ्यासमोर धरला, बोट त्या ओळीवर. ब्रेकचे दिवे चालू स्थितीत. मी म्हटलं, तो फ्यूज मी नंतर बसवलाय ग बाई, म्हणूनच तर लागले ते. ती म्हणाली, तपासनिसाची सही आहे इथे, ते काय डोळे मिटून सही करतात?

मी टिल्लीकडे वळलो. ती हुशार आहे, तिला गाडी कळते, तिला पटेल. मी म्हटलं, तूच सांग, त्या दिवशी पंपावर बाबांनी मला फोन केला होता की नाही? हो म्हणाली. तुझ्या मामाला विचारून दुरुस्त केलं असं बाबा म्हणाले होते, तिनं सांगितलं. मग? मी म्हटलं, मग चिठ्ठी? बाबाच असं लिहिणार ना, दुसरं कोण लिहिणार?  तिच्या नजरेत माझ्याबद्दल इतकी माया होती की मला तिथून पळून जावंसं वाटलं.

"बाबा कसे लिहायचे ते तुला चांगलं माहीत आहे, मामा," ती म्हणाली. "पूर्णविरामसुद्धा विसरला नाहीस."

मी ओरडलो. टेबलावर मूठ आपटली. म्हटलं, उद्या पोलिसांत जातो, लिहून देतो, मग तरी पटेल ना तुम्हाला? पण मी जन्मभर ओरडतच आलोय, माझ्या ओरडण्याला ह्या घरात कोण विचारतो? गाडी नाही, झाकण नाही, चिठ्ठी मी स्वतः जाळलेली. माझ्याकडे दाखवायला नुसतं माझं तोंड होतं, आणि त्या तोंडानं आधी दोनदा थापा मारलेल्या. ताई म्हणाली, खबरदार पोलिसांत गेलास तर, एक माणूस गेला तेवढा पुरे आहे मला. मग तिनं मान वळवली आणि आठ महिन्यांनी पहिल्यांदा लेकीकडे सरळ बघून बोलली.

"बघ. तुझ्यापायी माझ्या भावावर ही वेळ आली."

टिल्ली उठली. मला वाटलं, ही आता तरी आईला काही बोलेल, भांडेल, दार आपटून जाईल. ती आत गेली आणि पाण्याचा पेला घेऊन आली. मला खुर्चीत बसवलं. पेला माझ्या हातात देऊन तिनं वरून आपला हात धरून ठेवला.

"मामा, माझं चुकलं," ती म्हणाली. "मी तुझ्या दुकानी वही घेऊन यायलाच नको होतं. आता कधीच नाही विचारणार तुला."

ताई खिडकीपाशी परत जाऊन बसली होती. मी काहीतरी बोलायला गेलो, तर टिल्लीनं मान हलवून मला गप्प केलं आणि म्हणाली, आधी पाणी पी. मी पाणी प्यायलो.